कँटीनपासून सुरुवात: महायुद्धातलं अस्सल अमेरिकन फील्ड गिअर कसं जमवावं

१९४४ साली फ्रान्समध्ये उतरलेल्या साध्या अमेरिकन रायफलमनच्या कमरेला कॅनव्हासचा एक पट्टा असायचा. त्याला दहा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एम-१ गॅरंड रायफलची आठ गोळ्यांची एक क्लिप, म्हणजे कमरेवर एकूण ८० गोळ्या. पट्ट्याच्या खालच्या आयलेटमध्ये, म्हणजे धातूच्या कडेच्या भोकांत, तारेच्या आकड्यांनी अडकवलेली कँटीन, म्हणजे पाण्याची धातूची बाटली, आणि मलमपट्टीची छोटी पिशवी. खांद्यावरून जाणारे पट्टे, पाठीवर हॅवरसॅक, म्हणजे पाठपिशवी, तिला लटकवलेलं फावडं आणि बायोनेट (संगीन). डोक्यावर एम-१ हेल्मेट. यालाच संग्राहक फील्ड गिअर म्हणतात.

मी गेली बरीच वर्षं पेन्सिल्व्हेनियात राहते आणि हेच सामान जमवते. पदकं आणि बंदुका मी घेत नाही. मला ओढ आहे ती सैनिकाच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची, ज्या त्याने अंगावर वागवल्या, पावसात भिजवल्या, उशाला घेतल्या. ओळखीच्या बऱ्याच मराठी मंडळींनी "आम्हालाही सुरुवात करायची आहे, काय घ्यावं?" असं विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हद्द आखा

"दुसऱ्या महायुद्धातलं सगळं" असं ठरवलंत तर दोन वर्षांत घरात ढिगारा होईल आणि त्यातलं निम्मं खोटं निघेल. सुरुवातीला एकच सैनिक डोळ्यांसमोर ठेवा. वर वर्णन केलेला पायदळातला रायफलमन सगळ्यात सोपा, कारण त्याचं साहित्य लाखोंच्या संख्येने बनलं आणि आजही मिळतं. त्याची यादी छोटी आहे: एम-१९२३ काडतूस पट्टा, एम-१९१० कँटीन, तिचा पेला आणि कव्हर, एम-१९४२ प्रथमोपचार पिशवी, एम-१९२८ हॅवरसॅक, मेस किट (जेवणाची भांडी), फावडं. नावातलं साल हे नमुना मंजूर झाल्याचं साल असतं, वस्तू बनल्याचं नव्हे. एम-१९१० कँटीनवर १९४३ चा शिक्का असणं अगदी बरोबर आहे. नवखे लोक इथेच गोंधळतात.

छत्रीधारी सैनिक, रेंजर, मरीन यांच्या वस्तू सुरुवातीला टाळा. त्या कमी बनल्या, महाग आहेत आणि सर्वाधिक नकला त्यांच्याच होतात.

पहिली खरेदी: कँटीन, पेला आणि कव्हर

हीच का? कारण या तीन वस्तूंत धातू, कापड, शिलाई, टिचबटण आणि शिक्का हे सगळं एकत्र शिकायला मिळतं, किंमत आवाक्यात असते आणि चूक झाली तरी परवडते.

कँटीन हातात घेतलीत की बुडाकडे बघा. तिथे यू. एस., कंपनीची आद्याक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. ए. जी. एम. कंपनी हा शिक्का खूप दिसतो. ही विस्कॉन्सिनची अ‍ॅल्युमिनियम गुड्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, जिची स्वयंपाकाची भांडी अमेरिकेतल्या घराघरांत होती. व्होलरथ ही तशीच विस्कॉन्सिनची, भांडी बनवणारी. बॉइट ही आयोवातली कंपनी घोड्यांचे साज बनवायची, आणि युद्धात तिने पट्टे, पिशव्या शिवल्या. घोड्याच्या खोगिराची टाक्यावर टाका शिलाई ज्या हातांना येत होती, त्याच हातांनी सैनिकाची पाठपिशवी शिवली, हे बॉइटचा शिक्का दिसला की मला दर वेळी आठवतं.

आता धातू. युद्धापूर्वीची कँटीन अ‍ॅल्युमिनियमची, झाकणही अ‍ॅल्युमिनियमचं आणि साखळीने बांधलेलं. १९४२ मध्ये विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमची ओढाताण सुरू झाली, तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या कँटीन आल्या आणि झाकण काळ्या प्लास्टिकचं झालं. त्याच काळात इनॅमलच्या कँटीनही बनवून पाहिल्या, पण इनॅमलचे टवके उडायचे. त्या थोड्याच बनल्या म्हणून आज संग्राहक त्यांच्या मागे असतात. पितळेचंही तेच झालं. काडतुसांच्या पुंगळ्यांसाठी पितळ हवं होतं, म्हणून बकला-आकड्यांमध्ये पोलाद वाढलं. १९४३ साली अमेरिकेचा एक सेंटही तांब्याऐवजी जस्त चढवलेल्या पोलादाचा निघाला होता, त्यामागचं कारण हेच. टंचाईचा हा क्रम डोक्यात बसला की वस्तूचं साल शिक्का न बघताही अंदाजाने सांगता येतं.

कव्हरमध्ये आत फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर, वर दोन झडपा आणि दोन टिचबटणं असतात. हे बटण एकाच बाजूने उचललं तर सुटतं आणि इंग्रजीतलं त्याचं नाव 'लिफ्ट द डॉट' बऱ्याच बटणांवर कोरलेलं असतं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या कव्हरवर गरुडाचं चिन्ह असलेली बटणं असायची. कव्हर १९१८ चं आणि कँटीन १९४२ ची निघाली तर "जोडी खोटी" असा निष्कर्ष काढू नका. जुना साठा सैन्याने पुन्हा वाटला होता. उलट एकत्र सापडलेली अशी जोडी कधीही फोडू नये. मागे तारेचा आकडा नसून सरकत्या धातूच्या क्लिपा असतील, तर ते कव्हर १९५६ च्या नमुन्याचं, म्हणजे युद्धानंतरचं.

शिक्के आणि नंबर वाचणं

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. कॅनव्हासच्या वस्तूवर बाहेर काळ्या शाईत यू. एस., आणि झडपेच्या आत किंवा मागे कंपनीचं नाव व साल असतं. जे. क्यू. एम. डी. म्हणजे इंडियानातला जेफरसनव्हिल क्वार्टरमास्टर डेपो, सैन्याचं साहित्य-भांडार. 'ब्रिटिश मेड' असा शिक्का दिसला तर दचकू नका. इंग्लंडमध्ये जमलेल्या अमेरिकन फौजांसाठी ब्रिटिश कारखान्यांनी बनवलेलं ते साहित्य आहे, आणि ते अस्सल युद्धकालीनच आहे.

कपड्यांवर आणि काही पिशव्यांवर कंत्राटाची चिठ्ठी शिवलेली असते. कंत्राट क्रमांक डब्ल्यू अक्षराने सुरू होत असेल तर तो वॉर डिपार्टमेंटचा. हे खातं सप्टेंबर १९४७ मध्ये संपलं, त्यानंतर क्रमांक डी. ए. ने, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ द आर्मीच्या आद्याक्षरांनी सुरू होऊ लागले. डी. एस. ए. दिसलं तर १९६१ नंतरचं, कारण डिफेन्स सप्लाय एजन्सी त्या वर्षी स्थापन झाली. आणि ८४६५ ने सुरू होणारा अकरा आकडी साठा क्रमांक दिसला तर विक्रेता काहीही सांगो, वस्तू १९५० च्या दशकातली किंवा त्यानंतरची आहे. तेरा आकडी क्रमांक १९७४ नंतरचा. एवढं एक परिच्छेदाचं ज्ञान तुमचे शेकडो डॉलर वाचवेल.

रंगही बोलतो. युद्धाच्या पहिल्या निम्म्या काळात कॅनव्हास ऑलिव्ह ड्रॅब क्रमांक ३ या फिकट, वाळूकडे झुकणाऱ्या खाकी छटेचा असायचा. १९४३ च्या सुमारास क्रमांक ७ ही गडद हिरवी छटा आली. बदल एका दिवसात झाला नाही. कारखान्यात जुनं कापड आणि कडेला लावायची नवी पट्टी दोन्ही पडून असायचं, म्हणून पिशवी खाकी आणि कडा हिरवी असे दुरंगी नमुने सापडतात. ते मला फार आवडतात, कारण घाईत चाललेलं ते शिवणकाम नजरेसमोर उभं राहतं.

खरं की नक्कल

युद्धप्रसंगांची पुनर्रचना करणाऱ्या हौशी मंडळींसाठी आज उत्तम नकला बनतात. प्रामाणिक विक्रेते त्या नक्कल म्हणूनच विकतात. अडचण पुढे होते: तीच वस्तू दोन-तीन हात फिरते, चहाच्या पाण्यात भिजवली जाते, उन्हात टाकली जाते आणि "आजोबांच्या पोटमाळ्यावरची" म्हणून परत येते.

मी अशी तपासते. झडप उघडून आतलं कापड बघते. खरी वस्तू ऐंशी वर्षं उन्हात-वाऱ्यात असेल तर बाहेरून फिकी आणि झडपेखाली मूळ रंगाची असते. सगळीकडे सारखीच पिवळट असेल तर रंग मुद्दाम चढवलेला. मग झीज बघते. ती जिथे घासायला हवी तिथेच हवी: तारेच्या आकड्याने आयलेटभोवती सोडलेला गंजाचा डाग, कँटीनच्या बुडाने दबलेलं फेल्ट, बकलाखाली गुळगुळीत झालेली पट्टी. धातूला गंज आहे पण त्याला टेकलेल्या कापडावर डागच नाही, असं दिसलं की मी वस्तू खाली ठेवते.

शिक्क्याची शाई जुन्या कापडात मुरलेली, कडा किंचित पसरलेल्या असतात. अगदी काळीभोर आणि रेखीव शाई संशयास्पद. पण हा नियम नाही. गोदामात न वापरता पडून राहिलेल्या वस्तूंवर शिक्का कालच मारल्यासारखा दिसतो, म्हणून एका खुणेवर कधी निर्णय घेऊ नये.

छोटी अतिनील टॉर्च जवळ ठेवा. आधुनिक धाग्यांमध्ये आणि कपड्यांच्या साबणात असणारी चमक वाढवणारी रसायनं त्या प्रकाशात निळसर-पांढरी उजळतात. युद्धकालीन सुती धागा सहसा मंद राहतो. इथेही खोच आहे: खरी पिशवी कुणी अलीकडे साबणाने धुतली असेल तर तीही चमकते. फक्त शिलाईच चमकत असेल आणि कापड नाही, तर मात्र धागा नवा आहे हे जवळजवळ नक्की. घरी आणल्यावर सुटलेला एखादा तंतू जाळून बघता येतो. सूत राख होतं आणि कागद जळाल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून मणी होतो. दुकानात असलं काही करू नका.

हेल्मेट: घाई करू नका

प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेल्मेटच हवं असतं. माझा आग्रह आहे की कॅनव्हासच्या निदान दहा वस्तू हाताळल्याशिवाय ते घेऊ नये.

एम-१ हेल्मेट १९४१ मध्ये स्वीकारलं गेलं. बाहेरचं पोलादी कवच आणि आत वेगळा लायनर, म्हणजे हलकी आतली टोपी. कवच हॅडफील्ड मँगनीज पोलादाचं, ज्याला लोहचुंबक चिकटत नाही. युद्धानंतर युरोपातल्या अनेक देशांनी याच आकाराची हेल्मेटं बनवली, त्यातली काही साध्या पोलादाची आहेत. चुंबक घट्ट चिकटला तर लगेच थांबा. चिकटला नाही म्हणून ते युद्धातलं ठरत नाही, कारण अमेरिकेने नंतरही हेच पोलाद वापरलं.

आता कडेची पट्टी बघा. तिचा सांधा पुढे, कपाळाच्या बाजूला असेल तर कवच १९४४ च्या शरद ऋतूपर्यंतचं, मागे असेल तर त्यानंतरचं. हनुवटीच्या पट्ट्यासाठी दोन बाजूंना कड्या असतात. त्या कवचाला घट्ट जोडलेल्या असतील तर १९४३ च्या उत्तरार्धाआधीचं, हलणाऱ्या असतील तर नंतरचं. घट्ट कड्या वाकून तुटायच्या, म्हणून तो बदल झाला. कवचाच्या आत पुढच्या कडेजवळ पोलादाच्या ओतकामाचा नंबर बारीक ठोकलेला असतो. त्यासोबत एस अक्षर असेल तर ते सेंट लुइसच्या श्लूटर कंपनीचं. बहुतेक कवचं मात्र डेट्रॉइटच्या मॅककॉर्ड रेडिएटर कंपनीची, मोटारींचे रेडिएटर बनवणाऱ्यांची. रंगात बारीक दळलेला कॉर्क मिसळलेला असायचा, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत लागतो.

लक्षात ठेवा, हीच कवचं कोरिया आणि व्हिएतनामसाठी पुन्हा रंगवली गेली, पट्टे बदलले गेले. कवच १९४२ चं, लायनर १९६० च्या दशकातला, पट्टा त्याहून नवा असं मिश्रण सर्रास मिळतं. ते खोटं नाही, फक्त युद्धकालीन जोडीच्या किमतीला घेऊ नये. आणि पुढे रंगवलेली डिव्हिजनची चिन्हं, क्रॉस, हुद्द्याच्या पट्ट्या असल्या की दुप्पट सावध राहा. रंगाचे चार फटकारे किंमत कितीतरी पटींनी वाढवतात, म्हणून ते सहजपणे मारले जातात.

कुठे घ्यावं

अमेरिकेत असाल तर आधी बघायला जा, विकत घ्यायला नव्हे. पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंगला मिड-अटलांटिक एअर म्युझियममध्ये जूनमध्ये महायुद्धावरचा मोठा सोहळा असतो. केंटकीतल्या लुइव्हिलला हिवाळ्यात शो ऑफ शोज हा संग्राहकांचा प्रचंड मेळावा भरतो. एका दिवसात शंभर कँटीन कव्हरं हातात घेता येतात, आणि वजन-पोताची ती ओळख फोटोंवरून कधीच होत नाही. न्यू ऑर्लीन्सच्या महायुद्ध संग्रहालयात खऱ्या वस्तू कशा मांडल्यात तेही बघून या.

घरातलं सामान विकणाऱ्या इस्टेट सेल ही माझी आवडती जागा. तिथे कुटुंबातलं कुणी भेटलं तर भाव करण्याआधी वस्तूविषयी विचारा. सैनिकाचं नाव, तुकडी, कुठे लढला, हे कागदावर लिहून घ्या आणि शक्य असेल तर त्यांची सही घ्या. हा कागद वस्तूइतकाच मोलाचा आहे.

ऑनलाइन घेताना पाच फोटो मागा: शिक्का, मागची बाजू, झडपेच्या आतला भाग, धातूचा जवळून फोटो आणि शिलाई. द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा.

जे घेऊ नये

हातगोळे, दारूगोळा, "निकामी केलेलं" म्हणून दाखवलेलं काहीही घेऊ नका. प्रथमोपचाराच्या जुन्या पेटीत मॉर्फिनच्या छोट्या नळ्या सापडतात. ऐंशी वर्षं जुनं असलं तरी ते नियंत्रित अमली औषध आहे. गॅस मास्क तोंडाला लावू नका, त्या काळच्या काही फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. चमकणाऱ्या आकड्यांच्या होकायंत्रात रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. असं यंत्र उघडू किंवा घासू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

भारतात पाठवायचं असेल तर बायोनेटचा विचार वेगळा करा. गॅरंडच्या बायोनेटचं पातं १० इंचांचं, आणि शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब पात्याची बायोनेट येतात. आधी पोलिसांकडे आणि कस्टमकडे लेखी चौकशी करा.

जपणूक, आणि माझी एक चूक

माझा पहिला हॅवरसॅक मी मशीनमध्ये धुतला. मळका होता, वास येत होता. बाहेर आला तेव्हा आतला शिक्का जवळजवळ पुसला गेला होता, आणि कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं नाव पूर्ण गेलं होतं. ते नाव मी उतरवून घेतलं नव्हतं. त्याची चुटपुट आजही लागते.

म्हणून धुऊ नका. मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका, बस. पितळ घासून चकचकीत करू नका, काळपट थर हाच त्याचा मूळ मुलामा असतो. गंजावर तेलाचा अगदी पातळ हात पुरे, आणि तेल कापडाला लागू देऊ नका. फेल्टला कसर लागली तर वस्तू पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. घडीच्या जागी आम्लविरहित टिश्यू कागद घाला, नाहीतर कॅनव्हास घडीवरच चिरतो.

काही वस्तू मी नाशिकला माहेरी ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात लोखंडी ट्रंकेतल्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी आली. आपल्या हवेत बंद ट्रंक नको. हवा खेळेल असं कपाट, सिलिका जेल, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. सिलिका जेल पावसाळ्यात दर काही दिवसांनी तापवून कोरडं करावं लागतं.

नाशिकचा विषय निघालाच आहे तर: मेरिल्स मरॉडर्स म्हणून पुढे प्रसिद्ध झालेली अमेरिकन तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात उतरली आणि काही आठवडे देवळालीच्या छावणीत होती. तिथून ती पुढच्या प्रशिक्षणाला आणि मग ब्रह्मदेशच्या जंगलात गेली. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या सैनिकांनी आपली बाहीवरची चिन्हं भारतातल्या कारागिरांकडून हाताने भरून घेतली होती. चिनी सूर्य, हिंदुस्थानचा तारा आणि लाल-पांढरे पट्टे असलेली ती ढाल अमेरिकन संग्राहक फार प्रेमाने जपतात. जुन्या बाजारात ती दिसली तर नीट बघा.

नाव शोधणं

पट्ट्याच्या आत एक अक्षर आणि चार आकडे दिसतात. तो धोब्याचा क्रमांक: आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिकी क्रमांकातले शेवटचे चार आकडे. पूर्ण क्रमांक मिळाला तर नशीबच. पहिला आकडा १ म्हणजे स्वखुशीने भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलाचा, ३ म्हणजे सक्तीच्या भरतीतला. दुसरा आकडा भरतीचा विभाग सांगतो. ३३ ने सुरुवात असेल तर तो पेन्सिल्व्हेनिया, मेरिलँड, व्हर्जिनिया या बाजूला भरती झालेला. अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराने सुमारे ९० लाख भरतीनोंदी ऑनलाइन खुल्या केल्या आहेत, तिथे क्रमांक टाकून नाव शोधता येतं. त्यापुढची वाट अवघड आहे. सेंट लुइसच्या नोंदणी केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. त्यामुळे कित्येकांच्या बाबतीत कॅनव्हासवरचे हे पाच ठसेच हातात राहतात.

वही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि तो सुती दोऱ्याने बांधलेल्या कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. वस्तूवर काहीही लिहू किंवा चिकटवू नका. वहीत किंमत, तारीख, जागा, शिक्क्यांचा मजकूर जसाच्या तसा आणि सापडलेल्या खुणा उतरवा. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे:

"क्र. १. कँटीन, अ‍ॅल्युमिनियम, ए. जी. एम. कंपनी, १९४२. झाकण काळं प्लास्टिक. कव्हर खाकी, कडा हिरवी, फेल्ट एका बाजूने झिजलेलं. आत शाईत एक अक्षर, चार आकडे. पेल्याच्या तळाला काजळी, पुसलेली नाही. मालक: शोध चालू."